सरावाचा आठवडा

बाळंतिणीला सोबत करणाऱ्या बाईला डुला म्हणतात आणि त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं, हे मला बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर कळलं. तीन संस्थांची माहितीपत्रकं टेबलावर पसरून बसले, तर नणंद म्हणाली, "वहिनी, चार दिवस झाले तुझ्या केसांना कंगवा नाही, आणि निघालीस लोकांची बाळंतपणं करायला."

मी बाळाचं पोट वरखाली होतंय ना, ते बघत एकेका संस्थेला फोन लावला. दोन ठिकाणी सगळं ऑनलाइन होतं. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. तिसरीकडच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पहिला आठवडा नुसता सराव असतो हं. रोज एकीने बाळंतीण व्हायचं. बाकीच्या तिला गरम जेवायला वाढतात, पाठ चोळून देतात, झोपू देतात. रडली तर जवळ बसतात, का म्हणून विचारत नाहीत. बोला, नाव लिहून घेऊ?"



मी विचारलं, "आठवडाभर मीच बाळंतीण झाले, तर चालेल का?"