चांदीवरचा काळा थर

सहलीचा हट्ट नायरीचा होता. न्यूझीलंडमधल्या तौपोजवळच्या राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकला आणि दुसऱ्याच सकाळी तिचा नवरा रॉस गरम झऱ्यात मनसोक्त डुंबून आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटातली लग्नाची चांदीची अंगठी काळीकुट्ट पडली होती. नायरीने त्याचा हात धरून उजेडाकडे वळवला.

"मार्चमध्ये भावाकडून आलास, तेव्हाही अशीच काळी होती."

"ट्रॅक्टरचं ग्रीस होतं गं ते. सांगितलं होतं की तुला."

"ग्रीस पुसलं की निघतं, राजा. ही मी तासभर घासत बसले होते. चांदी अशी काळी पडते ती या पाण्यातल्या गंधकाने. तुझ्या भावाच्या शेतात कुठला आलाय गरम झरा? खरं सांग, कोणाबरोबर आला होतास इथे?"

रॉसने दुसऱ्या हाताने टॉवेल केसांवर फिरवला.

"हे गंधकाचं तुला कधी कळलं?"

"आत्ताच. पलीकडच्या तंबूतल्या बाईने सांगितलं. मला कुठून माहीत असणार? मी तर इथे पहिल्यांदाच येतेय."

रॉसने टॉवेल खाली ठेवला. नायरीने अजून त्याचा हात सोडला नव्हता. तिच्या मोकळ्या बोटाकडे बघत त्याने शांतपणे विचारलं,

"मग घरून निघताना तू तुझी चांदीची अंगठी का काढून ठेवलीस?"