धनलक्ष्मीचा मामा

“नवऱ्याचं नाव सांग,” वीणानं पुन्हा विचारलं.

धनलक्ष्मीनं पदर तोंडाला लावला आणि खाली बघितलं. डावा डोळा सुजून मिटलेला, गाल काळानिळा पडलेला, आणि ही बाई लाजत होती.

वीणानं पेन टेबलावर आपटलं. धन्य आहे या बायकांची. ज्यानं हाडं खिळखिळी केली, त्याचं नाव घेतलं तर म्हणे त्याचं आयुष्य कमी होतं. होऊ दे की कमी.

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या या महिला केंद्रात वीणा वर्षभर येत होती. नवऱ्याच्या बदलीनं पुणं सुटलं, घरी बसून कंटाळा आला, म्हणून काम धरलं. आता रोज परत जाताना डोकं उठायचं. बाईला घेऊन पोलिसांकडे जावं तर तिथला फौजदार म्हणणार, “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी.” थोडं जुळवून घ्या म्हणे. आईबापांना बोलवावं तर तेही तेच म्हणणार, फक्त रडत रडत. आणि एवढी उरस्फोड केल्यावर बाई एक दिवस आपणहून पिशवी उचलून नवऱ्याकडे परत जाणार.

धनलक्ष्मी निपाणीकडची. लग्न होऊन इथे आलेली. परवा अनवाणी चालत केंद्राच्या दारात आली. मराठी बोलते म्हणून वीणाच्या वाट्याला आली, पण त्या मराठीचा उपयोग काय? धड काही सांगेल तर शपथ.

“सासरी कोण कोण असतं?”

“आमचं सासर-माहेर एकच, बाई.”

“ही नाटकातली वाक्यं मला नकोत. सरळ बोल.”

वीणानं पेन उचलून फॉर्मवरच्या त्या रकान्यात रेघ मारली.

“बरं, या बंगळूरमध्ये तुझं आपलं म्हणावं असं कुणी आहे की नाही?”

“मामाच हाय की.”

वीणाचा जीव भांड्यात पडला. “मग हे आधी नाही सांगायचं? कुठे असतो?”

“शिवाजीनगरला. बसस्टँडच्या मागं गॅरेज हाय.” आणि एकदम तिनं वीणाचा हात धरला. “पण मामाला कळवू नका, बाई. मी इथं हाय म्हणून कळलं तर जीव घेतील ते.”

“घेऊ देत. भाचीचं हे असं तोंड बघून कुठल्या मामाचं डोकं फिरणार नाही? तुमच्या बाजूनं संतापणारं माणूस भेटत नाही, हीच तर रड आहे.”

“तसं न्हाई, बाई. मामा म्हंजे...”

“पुरे.”

दारातून व्हरांडा दिसत होता. होसूरहून आलेली एक बाई दोन लेकरांना घेऊन सकाळपासून तिथे बसली होती. केंद्रातली एकही खाट रिकामी नव्हती. जिला जायला घर आहे तिनं खाट अडवायची आणि जिला नाही तिनं फरशीवर बसायचं, हा कुठला न्याय? आणि मामा म्हणजे काही परका नव्हे. वीणाची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा वीणाच्या वेण्या तिच्या मामानंच घातल्या होत्या, वाकड्यातिकड्या का होईना.

तिनं गॅरेजचा नंबर शोधून फोन लावला. “तुमची भाची धनलक्ष्मी आमच्याकडे आहे,” एवढं ऐकूनच पलीकडचा माणूस म्हणाला, “येतो.”

तिचा मामा पिराजी दुपारीच हजर झाला. वीणानं पिकल्या केसांचा माणूस कल्पिला होता. हा पस्तिशीचाही नव्हता. आईचा धाकटा भाऊ असणार. हात घासूनपुसून आलेला, चप्पल दाराबाहेर काढलेली. खुर्चीवर बसा म्हटलं तरी उभाच राहिला.

“तोंड बघितलंत पोरीचं?” वीणानं सुरुवात केली. “याला नवरा म्हणतात? जनावर बरं.”

पिराजीनं मान खाली घातली. “खरं हाय, मॅडम. दारू पोटात गेली की भान राहत न्हाई. चूक नवऱ्याचीच हाय, मी कुठं न्हाई म्हणतो?”

इथे येणारे पुरुष आवाज चढवायचे, टेबलावर हात आपटायचे, बाईच्या चारित्र्यावर जायचे. सरळ चूक कबूल करणारा हा पहिलाच. तिला त्याच्याबद्दल बरं वाटलं.

“नुसतं कबूल करून भागणार नाही. पुन्हा हिच्या अंगाला बोट लागता कामा नये.”

“न्हाई लागणार.”

“जबाबदारी तुमची.”

“माझीच की. दुसऱ्या कुणाची?”

वीणा आत गेली. धनलक्ष्मी भिंतीला टेकून उभी होती. तिनं बाहेरचा आवाज ऐकला होता.

“तुम्हीच बोलावलं?” तिनं विचारलं.

“हो, मीच. किती भला माणूस आहे, आणि तू उगाच घाबरतेस. चल, आवर.”

धनलक्ष्मी तिच्याकडे बघत राहिली. मग “सरी”, म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलली. रडली नाही, हुज्जत घातली नाही. वीणाला हायसं वाटलं. तिनं व्हरांड्यातल्या बाईला खुणेनं आत बोलावलं आणि या दोघांना पोचवायला फाटकापर्यंत गेली.

पिराजीनं रिक्षा थांबवली. धनलक्ष्मीला आत बसवलं, तिची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. रिक्षा निघणार एवढ्यात वीणाला राहवलं नाही. ती वाकून म्हणाली, “आणि हे बघा, हिचा नवरा तुमच्या दारात आलाच, तर हिला बाहेर पाठवू नका. आधी मला फोन करा.”

पिराजीला काही उमगेना. त्यानं एकदा धनलक्ष्मीकडे बघितलं, एकदा वीणाकडे. मग त्याला हसू आलं.

“दुसरा कोण येतोय, मॅडम?” रिक्षा हलली तसा तो डोकं बाहेर काढून म्हणाला. “अक्काची पोर, म्हणून तर मी लगीन केलं हिच्याशी.”