जड पाणी

गाठीवरच्या किरणोपचारासाठी हणमंतराव यंत्रात सरकले, तशा त्यांच्या पत्नी गोदाकाकू काचेला चिकटून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, ह्यांना प्यायला दिलेल्या त्या जड पाण्याचं एवढं काय होतं हो?"

"काकू, किरण गाठीतल्या रेणूचा एक इलेक्ट्रॉन उडवतो," डॉ. मृणाल म्हणाल्या. "ती रिकामी जागा पळत जाते आणि पोचेल तिथे रेणू तुटतो. अणूंची केंद्रकं मधेच हलली, तर ती भरकटते आणि भलतंच तुटतं. जड पाण्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा असतो, त्यानं केंद्रकं संथ होतात. महिनाभर तेच दिलंत ना?"

"तुमचे कॅन पंधरवड्यातच संपले. मग ह्यांना आमच्या विहिरीचं दिलं. तेही जडच आहे, डाळ शिजत नाही त्यात."

डॉ. मृणाल यांनी यंत्र बंद करायच्या बटणावर हात आपटला.

आतून हणमंतरावांचा आवाज आला, "झालंसुद्धा? मला तर काहीच कळलं नाही."