घमेल्यातला बर्फ

मिस्त्रीनं कागदाचा तुकडा फ्रिजच्या दारात धरला आणि दार लावलं. मग दोन बोटांनी कागद ओढला. तो अलगद बाहेर आला.

"बघितलंत?" पुण्याहून आलेला मिस्त्री म्हणाला. "दार घट्ट बसत असतं तर कागद अडकला असता. रबर वाळून चिरलंय. दार लावलेलं असतानाही ओली हवा आत जाते, तिचाच बर्फ होतो. त्यात तुमच्याकडचा पाऊस."

"म्हंजी कुणी दार उघडं टाकलं न्हवतं?" हैबतरावांनी विचारलं.

"कुणी हातसुद्धा लावला नसता, तरी बर्फ धरलाच असता."

रत्नाबाई चौकटीला टेकून ऐकत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि त्या आत गेल्या.

रिहे खोऱ्यात तेव्हा वीज नव्हती. हा फ्रिज रॉकेलच्या दिव्यावर चालायचा. धरणाजवळचा बंगला सोडून जाताना एका पारशी साहेबानं तो हैबतरावांना दिला होता. पहिला उन्हाळा छान गेला. पाऊस लागला तसा वरचा कप्पा पांढरा व्हायला लागला. बर्फ इतका दाटायचा की कप्प्याची झडप लागेना, आणि खाली ठेवलेलं दूध नासायचं. मग दिवा विझवायचा, आत कढत पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि बर्फ सुटायची वाट बघायची. सुटलेला बर्फ घमेल्यात भरून कोंडाबाई परसात नेऊन ओतायची.

कोंडाबाई डोंगरावरच्या वाडीतली. धुणं, भांडी, गोठा, सगळं तीच बघायची. घरात कुणी नसताना गार हवा खायला हीच दार उघडत असणार, असं हैबतरावांनी धरून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दार उघडून दाखवायचे ते स्वतः, पण ते त्यांच्या ध्यानात नव्हतं. आधी त्यांनी तिला दटावलं. मग ती त्या खोलीत शिरली की मागोमाग जाऊन उभे राहायला लागले. तिनं खाली मान घालून काम करावं आणि त्यांनी बघावं, असा सगळा आखाड गेला.

श्रावणात एका सकाळी कप्पा पुन्हा गच्च भरलेला दिसला. पडवीत शेजारपाजारची माणसं बसली होती. त्यांच्यादेखत हैबतराव म्हणाले, "चोरून करती आन् वर न्हाई म्हनती. उद्यापासनं येऊ नगंस."

"न्हाई वो पाटील, म्या हात लावला न्हाई," कोंडाबाई एवढंच म्हणाली. हातातलं घमेलं तिनं परसात ओतलं, धुऊन पालथं घातलं आणि ती निघून गेली.

आता भातं कापून झाली होती. मिस्त्री नवं रबर बसवून गेला. गडी म्हणाला, कोंडाबाईला निरोप सांगून येतो. हैबतरावांनी त्याला थांबवलं.

"निरोप न्हाई धाडायचा. मी जातो."

रत्नाबाईंनी नव्या तांदळाचं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. डोंगराची वाट खडी होती. काय बोलायचं ते हैबतराव मनात जुळवत चालले होते. एका बाईमाणसापुढं चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती. शब्द जुळत आणि पुन्हा विस्कटत.

वाडीत कोंडाबाईची पोरगी किसनी खोपटापुढं हिरडे निवडत बसली होती. आईबरोबर खाली यायची तेव्हा हिची बडबड थांबायची नाही. हैबतरावांना तिला बघून बरं वाटलं.

"किसने, आई कुटं हाय गं?"

पोरीनं मान वर केली नाही. ते जवळ गेले, मोठ्यानं विचारलं. त्यांची सावली हिरड्यांवर पडली तेव्हा ती दचकली आणि आत पळाली.

तिचा बाप कान्हू बाहेर आला. त्यानं घोंगडी अंथरली.

"रागावू नगा, पाटील. तिला ऐकू येत न्हाई आता. आखाडात ताप आला, त्यो डोक्यात गेला. पौडला न्हेली. डाक्टरनं सुई दिली आन् म्हनला, ताप लई हाय, डोक्यावर बर्फ ठिवत ऱ्हावा. आता बर्फ कुटनं आनावा हितं? म्या पोरीपाशी बसायचा, ओली फडकी बदलायचा. मजुरी बुडू ने म्हनून ही कामाला यायची तुमच्याकडं. पोर वाचली. कान गेलं."

हैबतराव घोंगडीवर बसू शकले नाहीत. आखाडातच बर्फ सगळ्यांत जास्त धरायचा. कोंडाबाई घमेली भरभरून बाहेर न्यायची, चिखलात ओतायची, आणि वरून पडणाऱ्या पावसात तो बघता बघता विरून जायचा. ते पडवीतून नजर ठेवून असायचे.

कोंडाबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्यामागून किसनी डोकावत होती.

"रबर फाटलं व्हतं त्याचं," हैबतराव म्हणाले. वाटेत जुळवलेलं काहीच त्यांना आठवेना. "तुजी चूक न्हवती. चुकलं ते माजं."

"बरं," कोंडाबाई म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर त्यांना सोसला असता. तांदळाचं गाठोडं अजून त्यांच्याच हातात होतं.

"पर कोंडाबाई, मागितला का न्हाईस गं बर्फ? आमी तर टाकूनच देत व्हतो."

कोंडाबाईनं पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"मागितला आसता, तर तुमी म्हनला आसता, त्याच्यासाठीच दार उघडं टाकती."