चुन्याखालची हळद

आदिलाबादेतला पूर ओसरला तेव्हा चंदाबाईनं दारालगतच्या भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेघेला हळद लावली. गंगामाय घरी येऊन गेली, तिला रिकाम्या कपाळानं कसं धाडायचं? महिना लोटला तरी अंगणातला गाळ कोणी उचलला नाही. आज मात्र पुढारी येणार म्हणून कार्यकर्त्यांनी भिंतीला घाईघाईत चुना मारून घेतला. "पाणी गुडघाभरच होतं," पुढाऱ्यानं कॅमेऱ्याला सांगितलं. "छपराला टेकलं होतं!" विरोधक ओरडले. वार्ताहरानं चंदाबाईपुढं माइक धरला. "बाई, तुमीच सांगा, कुठवर होतं?" चंदाबाई गोंधळली. महिनाभर मोबाइलवर दोघांचंही ऐकून तिला आपलेच डोळे खोटे वाटू लागले होते. तेवढ्यात ओल्या चुन्यातून, तिच्या कपाळाइतक्या उंचीवर, लाल रेघ वर आली. "हे लाल काऊन होऊन राह्यलं?" कार्यकर्ता खेकसला. "अजून चुना मार!" रंगाऱ्यानं कुंचला फिरवला. हळद आणखी लाल झाली.