मैनाची भुलाबाई

उद्या भुलाबाई मांडायची आणि चंद्रीच्या मूर्तीला तिसऱ्यांदा तडा गेला. "भुलाबाई कसली, फुटका भोपया हाये!" पोरी खिदळल्या. गंगूबाई दरवर्षी वलगावच्या पोरींना मूर्ती घडवायला शिकवी. नाल्याला पूर आल्यानं यंदा चिकणमाती नव्हती; शेतातली काळी माती वाळताच चिरत होती. चंद्री रडायला लागली. गंगूबाईनं कोनाड्यातली भुलाबाई काढून घमेल्यातल्या पाण्यावर धरली. ती तिच्या लेकीनं, मैनानं केलेली. गेल्या कोजागिरीला नदीत सोडायची होती, पण त्याआधीच मानमोडीच्या तापात मैना गेली. मूर्तीच्या पाठीवर इवल्या बोटांचे ठसे होते. "मावशी, मैनाची कावून भिजवता?" चंद्रीनं विचारलं. "कच्चीच हाये, भिजली का पुन्हा माती. कापूस घालून लय कुटली व्हती तिनं. तुयी चिरणार नाई." गंगूबाईनं मूर्ती पाण्यात सोडली. बुडबुडे आले. ते थांबेपर्यंत कोरड्या डोळ्यांनी पाहत राहिली. मग म्हणाली, "हं, मळ आता."