घराला कुलूप

तार जबलपूरला पोहोचली तेव्हा चांगुणा वारून दोन दिवस झाले होते. नाशिकच्या घरात ती एकटीच राहायची. दार उघडेना म्हणून शेजारच्या हुस्नबानोने माणसं बोलावली, तेव्हा कळलं.

शहात्तर साली तिच्या नवऱ्याची, फौजेतल्या हवालदार सहादूची, जबलपूरला बदली झाली आणि मुलगीही फौजेच्या कोट्यातून तिथल्याच कॉलेजात लागली. मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर राहण्याचं राज्य एकच लिहायचं होतं.

"महाराष्ट्रच लिहा," चांगुणा म्हणाली. "उद्या पोरीला नोकरी आपल्या मुलखात पाहिजे. घराला कुलूप दिसलं तर रहिवासाचा दाखला कोण देईल? तुम्ही बापलेकी जा, मी हाय इथं."

क्वार्टर मिळूनही ती पाच वर्षं तिकडे गेली नाही.

तिचं सगळं आटोपल्यावर सहादू मुलीच्या रहिवासाच्या दाखल्यासाठी कचेरीत गेला. फौजेचे कागद बघून कारकुनाने लगेच शिक्का मारला.

"घर कधी बंद नव्हतं साहेब," सहादू म्हणाला. "मंडळी इथंच होती."

"त्याची काही गरज नव्हती, हवालदार. फौजी माणसाच्या घराला कुलूप असलं तरी चालतं."


दाखला मिळाला. चांगुणाला जबलपूरला न्यायचं तेवढं राहून गेलं.